झटक्यानंतरचा पहिला आठवडा

हृदयविकाराच्या झटक्याने अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णाचा ‘टूडी इको’ झाला, की बाहेर बाकावर बसलेली मंडळी डॉक्टरांना बहुधा एकच गोष्ट विचारतात: पंपिंग किती आहे? साठ टक्के असे उत्तर आले तर जीव भांड्यात पडतो, तीस म्हटले की चेहरे उतरतात, आणि पुष्कळदा केसपेपरवरही या एका आकड्याच्या पलीकडे कोणाची नजर जात नाही. हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आपल्यातील रक्ताचा केवढा भाग बाहेर ढकलतो हे सांगणारा हा आकडा निरुपयोगी आहे, असे कोणी म्हणणार नाही; परंतु झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात जे अपघात रुग्णाला अवचित गाठतात, त्यांतील काही अत्यंत घातक अपघातांत हा आकडा उत्तम, किंबहुना अपेक्षेपेक्षाही चांगला येतो, आणि रुग्ण मात्र तासातासाने खालावत जातो. ध्वनिलहरींच्या साह्याने धडधडते हृदय प्रत्यक्ष पाहण्याची जी विद्या आज आपल्या हाती आहे, तिचा उपयोग एक टक्केवारी काढण्यापुरता, आणि तोही दाखल झाल्यावर एकदाच करून आपण थांबतो, ही प्रस्तुत लेखाची तक्रार आहे. हृदयविकाराचे रुग्ण दाखल करून घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात ही तपासणी रुग्णाच्या खाटेपाशी, रात्री-अपरात्री, आणि प्रकृतीत फरक पडताच पुन्हा झाली पाहिजे. तशी तजवीज करणे ही शासनाची व रुग्णालयचालकांची जबाबदारी आहे.

झटका येतो म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी धमनी गुठळीने बंद होते आणि तिच्या आधारावर जगणारा स्नायूचा भाग मरू लागतो. धमनी वेळेत उघडली गेली तर त्यातील बराचसा भाग वाचतो. न उघडली तर मेलेला स्नायू पुढील काही दिवसांत मऊ पडतो, त्याला शरीराच्याच पेशी पोखरू लागतात, आणि त्याजागी टणक व्रण धरेपर्यंतचा काळ हा सर्वांत धोक्याचा काळ असतो. पावसाळ्यात मातीची भिंत पहिल्या सरीला पडत नाही, आत पाणी मुरल्यावर एखाद्या उघडिपीच्या दिवशी पडते. तसेच येथेही घडते. छातीतील कळ थांबलेली असते, रुग्ण उठून बसलेला असतो, घरी कधी सोडणार याची विचारपूस चाललेली असते, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास मृत स्नायू अकस्मात फाटतो. गुठळी विरघळवणारे औषध दिलेल्या रुग्णांत तर हा प्रकार पहिल्या चोवीस तासांतही पुष्कळदा दिसतो.

तो कोठे फाटतो यावर पुढचे सारे अवलंबून असते. डाव्या-उजव्या कप्प्यांमधील पडदा फाटला तर शुद्ध रक्त शरीराकडे जाण्याऐवजी भोकातून उजवीकडे व तेथून पुन्हा फुफ्फुसांत शिरते. डाव्या कप्प्याच्या झडपेला दोऱ्यांनी धरून ठेवणारा स्नायूचा खुंट तुटला तर झडप मिटेनाशी होते आणि प्रत्येक ठोक्याला रक्त उलटे वर फेकले जाते. बाहेरची भिंतच फाटली तर रक्त हृदयाभोवतीच्या आवरणात साचते व हृदयाला आतून फुगण्यास जागाच उरत नाही. पहिल्या दोन अपघातांत डाव्या कप्प्याला रक्त टाकण्यासाठी एक सोपी, कमी दाबाची चोरवाट मिळालेली असते; म्हणून तो जोमाने रिकामा होताना दिसतो आणि पंपिंगचा आकडा चांगला येतो. शरीराला पोचणारे रक्त मात्र कमी कमी होत असते. एकाच आकड्यावर विसंबणे किती फसवे आहे, याचे यापरते दुसरे प्रमाण नको.

हे अपघात दुर्मीळ आहेत, ही गोष्ट निर्विवाद आहे. गुठळी विरघळवण्याचे उपचार प्रचारात येण्यापूर्वी शंभरांत एका-दोघा रुग्णांचा पडदा फाटत असे. ते उपचार आल्यावर प्रमाण पुष्कळ घटले. १९९० च्या दशकातील ‘गस्टो’ या बहुराष्ट्रीय अभ्यासात ४१,०२१ रुग्णांपैकी ८४ जणांचा पडदा फाटल्याचे सिद्ध झाले, म्हणजे हजारी दोन. परंतु त्याच अभ्यासातील दुसरा आकडा पाहिल्यावर ‘दुर्मीळ’ या शब्दाने मनाला मिळणारा दिलासा टिकत नाही: पडदा न फाटलेल्यांपैकी शेकडा सात रुग्ण महिनाभरात दगावले, तर फाटलेल्यांपैकी शेकडा चौऱ्याहत्तर. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण सत्तेचाळीस होते आणि केवळ औषधांवर ठेवलेल्यांत चौऱ्याण्णव. शिवाय हजारी दोन हे प्रमाण एका डॉक्टरच्या आयुष्यात नगण्य भासले, तरी साऱ्या राज्याच्या हिशेबात ते नगण्य राहत नाही. लाखभर झटक्यांमागे अशी दोनशे माणसे निघतात, आणि त्यांत खुंट तुटलेल्यांची व भिंत फाटलेल्यांची भर निराळीच. एकट्यादुकट्या डॉक्टरला जे क्वचित दिसते, त्याचीच व्यवस्था नियमाने बांधून ठेवावी लागते. कारण रोज दिसणाऱ्या गोष्टीसाठी सरावच पुरेसा असतो, क्वचित दिसणाऱ्या गोष्टीसाठी मात्र सरावावर भिस्त ठेवता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, की रुग्णाला धाप लागली, रक्तदाब उतरला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर कुशल वैद्याला ते यंत्राशिवायही कळेल. काहीतरी बिघडले आहे, एवढे कळेल. काय बिघडले आहे, ते कळेलच असे नाही. ही चारही लक्षणे पडदा फाटल्याने दिसतात, खुंट तुटल्याने दिसतात, हृदयाभोवती रक्त साचल्याने दिसतात, डाव्या कप्प्याचा मोठा भाग मेल्याने दिसतात, आणि उजव्या कप्प्याला झटका बसल्यानेही दिसतात. पण यांचे उपचार परस्परांहून भिन्न, प्रसंगी परस्परविरुद्ध आहेत. उजव्या कप्प्याचा झटका असेल तर शिरेतून सलाइन द्यावे लागते, आणि जिभेखाली ठेवायची ती घरोघर ठाऊक असलेली सॉर्बिट्रेटची गोळी घातक ठरू शकते. डाव्या कप्प्याचा स्नायू मोठ्या प्रमाणात मेला असेल व फुफ्फुसांत पाणी भरले असेल तर तेच सलाइन रुग्णाला बुडवते. हृदयाभोवती रक्त साचले असताना रक्त पातळ करणारी औषधे चालू ठेवणे म्हणजे संकटात भर घालणे. आणखी एक विचित्र प्रकार आहे: काही रुग्णांत डाव्या कप्प्याच्या टोकाकडील स्नायू मेला की बुडाकडील शाबूत स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो, झडपेचे पान त्या ओढीने पुढे सरकते आणि रक्त बाहेर पडण्याची वाटच अडवून धरते, अशा वेळी रक्तदाब वाढावा म्हणून हृदयाला जोर आणणारे औषध दिले तर वाट अधिकच अरुंद होऊन रक्तदाब आणखी कोसळतो. बाहेरून एकसारखी दिसणारी ही सारी प्रकरणे खाटेपाशी दहा-पंधरा मिनिटांत वेगवेगळी ओळखून देणारे, रुग्णाला जागचे न हलवणारे, सुई न टोचणारे आणि किरणोत्सर्गाची बाधा नसलेले साधन इकोखेरीज आज दुसरे नाही.

स्टेथोस्कोपचा अधिकार कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. पडदा फाटला असता उरोस्थीच्या डाव्या कडेला खरखरीत मर्मर ऐकू येते, आणि पुष्कळ रुग्णांत तळहाताला तिचा कंपही जाणवतो. नव्याने उमटलेली अशी मर्मर पकडणारा निवासी डॉक्टर रुग्णावर मोठाच उपकार करतो. परंतु खुंट तुटून झडप पूर्णपणे निकामी झाली, की वरच्या व खालच्या कप्प्यांतील दाब जवळजवळ सारखे होतात आणि रक्ताच्या उलट्या लोंढ्याचा आवाज उलट मंदावतो, कधी ऐकूही येत नाही. म्हणजे रोग जितका भयंकर तितका तो कानाला मुका. त्यातून अतिदक्षता विभागातील यंत्रांचा अखंड टुकटुकाट आणि धापेने घरघरणारी छाती. अशा ठिकाणी कानाने निवाडा करावा असा आग्रह धरणे हे कर्मठपणाचेच लक्षण होय.

आता पडद्यावर काय दिसते ते जरा जवळून पाहू. रुग्णाला शक्य तितके डाव्या कुशीला वळवून, छातीवर थंडगार जेली लावून, उरोस्थीच्या डावीकडे दोन बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवला, की राखाडी रंगात स्नायू आणि काळ्या रंगात रक्त असे हृदयाचे हलते चित्र उमटते. मधला पडदा टोकाकडे हलेनासा झालेला, पातळ पडलेला दिसतो; फाट मात्र साध्या चित्रात सहसा स्पष्ट दिसत नाही, कारण ती वेडीवाकडी असते. मग डॉक्टर कलर डॉपलरचे बटण दाबतात. प्रोबच्या दिशेने येणारे रक्त तांबडे व दूर जाणारे निळे, असा संकेत ठरलेला असतो. पण जेथे रक्त अरुंद वाटेने वेगात घुसते तेथे हे रंग एकमेकांत मिसळून पिवळ्या-हिरव्या छटांची भाऊगर्दी होते. आतापर्यंत सलग वाटणाऱ्या पडद्यातून प्रत्येक ठोक्याला असा एक बहुरंगी झोत डावीकडून उजवीकडे उसळताना दिसला, की शंकेला जागा राहत नाही. खुंट तुटलेला असेल तर त्याचे तुटके टोक दोरीसकट वरच्या कप्प्यात झोके घेताना आढळते. भिंत फाटून आवरणात रक्त साचले असेल तर हृदयाभोवती काळी किनार दिसते, तिच्यात थिजलेल्या रक्ताचे करडे गोळे तरंगत असतात, आणि उजवा कप्पा भरण्याच्या क्षणीच आत दबतो. भिंतीच्या बाहेर अरुंद मानेची पिशवी तयार झाली असेल, किंवा निश्चल टोकाशी गुठळी धरली असेल, तर तीही याच तपासणीत सापडते.

या विद्येचा उगमही मोठा उद्बोधक आहे. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर नावाच्या हृदयरोगतज्ज्ञास, झडपेवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी ती अरुंद झाली आहे की गळते आहे हे बाहेरून समजावे, अशी निकड भासत होती; त्याने कार्ल हेल्मुट हर्ट्‌झ या पदार्थवैज्ञानिकाचे साह्य घेतले. धातूच्या पत्र्यांतील व सांध्यांतील अदृश्य तडे ध्वनिलहरींनी शोधण्याचे एक यंत्र माल्मो येथील जहाजबांधणीच्या कारखान्यात होते. ते त्यांनी मागून आणले, स्वतः हर्ट्‌झच्या छातीवर लावून पाहिले, आणि पुढे १९५३ च्या ऑक्टोबरात तशाच उसन्या यंत्राने हृदयाच्या हालचालीचा पहिला आलेख टिपला. १९६५ साली अमेरिकेतील हार्वे फायगेनबाउम यांनी हृदयाभोवती साचलेले पाणी याच रीतीने ओळखता येते असे दाखवले. रक्ताच्या वेगाची मोजणी आणि पुढे १९८० च्या दशकातील रंगीत चित्र यांचे बरेचसे श्रेय जपानी संशोधकांकडे जाते. एडलर व हर्ट्‌झ यांना १९७७ साली लास्कर पारितोषिक मिळाले. उसन्या यंत्रावर जी विद्या जन्मली, ती आज लॅपटॉपएवढ्या, काही वेळा खिशात मावणाऱ्या उपकरणात सामावली आहे. अशा काळात ती तळमजल्यावरच्या कुलूपबंद खोलीत, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत अडकून पडावी, हे शोभत नाही.

या तपासणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती करणाऱ्याच्या हातावर व नजरेवर पुष्कळ अवलंबून असते. स्थूल रुग्ण, फुफ्फुसाचा जुना विकार, किंवा कृत्रिम श्वसनयंत्र असेल तर छातीवरून चित्र अंधुक येते. अशा वेळी अन्ननलिकेतून प्रोब उतरवून पाहावे लागते, आणि ती सोय सर्वत्र नसते. सर्वांत महत्त्वाची मर्यादा काळाची आहे: पहिल्या दिवशीचा निर्दोष अहवाल हा चौथ्या दिवसाचा दाखला नव्हे. दाखल होताना इको झालेला आहे, या सबबीवर नव्या धापेची तपासणी पुढे ढकलणे म्हणजे कालच्या पंचनाम्यावर आजची चोरी नाकारण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न विशेष गंभीर होतो तो उशिरामुळे. छातीत दुखू लागले की ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा, ओवा, पित्ताची गोळी यांत पहिले मोलाचे तास जातात. नंतर गावातला दवाखाना, तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय, मग १०८ ची गाडी आणि जिल्ह्याचे ठिकाण, असा प्रवास घडतो. धमनी वेळेत न उघडणे हेच तर स्नायू फाटण्याचे सर्वांत मोठे कारण. वृद्धांत, स्त्रियांत, आणि ज्यांना पूर्वी कधीही छातीत न दुखता एकदम पहिलाच झटका आला अशांत हा धोका अधिक असतो. आणि नेमक्या याच रुग्णांच्या तक्रारीकडे घरात सर्वांत उशिरा लक्ष जाते. करोनाच्या साथीत लोक रुग्णालयात जाण्यास धजत नव्हते, तेव्हा विस्मृतीत चाललेले हे अपघात पुन्हा दिसू लागल्याची नोंद अनेक देशांतील डॉक्टरांनी केली. तेव्हा अद्ययावत अँजिओप्लास्टीच्या युगात या विषयाचे प्रयोजन संपले, असे समजणाऱ्यांनी महानगराची हद्द ओलांडून पाहावे.

यंत्र खाटेपाशी नेण्याचा प्रश्न निघाला की गर्भलिंगनिदान-प्रतिबंधक कायद्याकडे बोट दाखवले जाते. हा कायदा शिथिल करावा, असे प्रस्तुत लेखक मुळीच म्हणत नाही. १९८८ साली असा कायदा देशात प्रथम करणाऱ्या राज्याने त्यात ढिलाई करणे लांच्छनास्पद ठरेल. परंतु १९९४ च्या केंद्रीय कायद्याखालील नियमही, नोंदणी झालेल्या जागेच्या आत, तेथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी, सुवाह्य सोनोग्राफी यंत्र वापरण्यास मुभा देतात. अतिदक्षता विभागातील हृदयरुग्ण हा त्याच मुभेत बसतो. म्हणजे अडचण कायद्याच्या कलमात नसून, नोंदणीचा अर्ज, मंजुरी व दप्तर यांचा व्याप टाळण्याच्या वृत्तीत आहे. नोंदणी अधिकाऱ्यांनी हृदयतपासणीच्या यंत्रांचे अर्ज ठरलेल्या मुदतीत निकाली काढावेत, रुग्णालयांनी नोंदी चोख ठेवाव्यात. एवढे झाले तर दोन्ही हेतू साधतात.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे: निदान करून तरी काय साधणार, शस्त्रक्रियेतही निम्मे रुग्ण जातात ना? फाटलेल्या पडद्यावरील पहिली शस्त्रक्रिया १९५६ साली डेंटन कूली यांनी केली, आणि इतक्या वर्षांनंतरही ती सोपी झालेली नाही, हे खरे. अमेरिकेतील अशा २,८७६ शस्त्रक्रियांच्या नोंदींत मृत्यूचे एकूण प्रमाण शेकडा त्रेचाळीसच्या घरात होते. झटक्यानंतर सात दिवसांच्या आत केलेल्यांत चौपन्न, आणि त्यानंतर केलेल्यांत अठरा. यात अर्थातच एक गोम आहे: जे आठवडाभर तगले तेच मुळात बरे होते. पण यावरूनच निदान लवकर होण्याचे महत्त्व सिद्ध होते. कोणाला तातडीने टेबलावर घ्यावे, कोणाला महाधमनीत फुगा बसवून काही दिवस सावरून धरावे, कोणाचे भोक छत्रीसारख्या साधनाने बुजवता येईल, ही मसलत निदान झाल्यावरच करता येते. तुटलेल्या खुंटाची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. झडपेच्या दोन खुंटांपैकी मागच्या बाजूच्या खुंटाला बहुधा एकाच धमनीचे रक्त मिळते, त्यामुळे लहानशा झटक्यातही तो तुटू शकतो. बाकीचे हृदय अशा वेळी पुष्कळसे धडधाकट असते, आणि झडप वेळेवर बदलली तर माणूस पुन्हा शेतावर किंवा कचेरीत जाऊ शकतो. असा रुग्ण ‘फुफ्फुसात पाणी झाले’ एवढ्याच निदानावर जावा, हा दैवाचा खेळ नव्हे, ती हयगय आहे.

तेव्हा करावयाचे काय? प्रथम, हृदयविकाराचे रुग्ण ठेवणाऱ्या प्रत्येक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात इकोचे यंत्र खाटेपाशी नेता येईल असे असावे, आणि त्याची किल्ली रात्रपाळीच्या डॉक्टरच्या ताब्यात असावी. दुसरे, प्रत्येक ठिकाणी हृदयरोगतज्ज्ञ मिळणार नाही हे गृहीत धरून तेथील फिजिशियन व निवासी डॉक्टरांना मोजक्या प्रश्नांपुरते शिक्षण द्यावे: हृदयाभोवती पाणी आहे काय, भिंती हलतात काय, पडद्यातून झोत जातो काय, झडप गळते काय, उजवा कप्पा फुगला आहे काय. या प्रश्नांचे उत्तर संशयास्पद आले तर चित्रफीत मोबाइलवरून तज्ज्ञाकडे जावी. ईसीजी जर असा दूर पाठवता येतो, तर इकोला मज्जाव कशासाठी? तिसरे, नवी मर्मर, नवी धाप, उतरलेला रक्तदाब किंवा अकारण तगमग यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ इको, असा लेखी नियम असावा आणि तो अमलात आणण्यासाठी डॉक्टरला बोलावण्याचा अधिकार पाळीवरच्या सिस्टरांना असावा, कारण रात्री तीन वाजता रुग्णातला फरक प्रथम त्यांनाच जाणवतो. चौथे, निदान होताच रुग्ण गाडीत घालण्याआधी हृदयशस्त्रक्रियेच्या केंद्राशी बोलणे व्हावे, चित्रे सोबत जावीत, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी अशा प्रकरणी कागदांसाठी अडून राहू नये.

यांतील एकही मागणी नव्या शोधाची किंवा परदेशी मदतीची वाट पाहणारी नाही. नातेवाइकांनीही पंपिंगच्या आकड्याबरोबर पडदा, झडप आणि हृदयाभोवतीचे पाणी यांची चौकशी करावी, प्रकृती बदलली तर इको पुन्हा झाला काय असे निःसंकोच विचारावे. सुज्ञ डॉक्टरला त्याचा राग येणार नाही. परंतु नागरिकांच्या जागरूकतेवर ढकलून मोकळे व्हावे अशी ही बाब नव्हे. आरोग्य खात्याने वरील चार गोष्टींचा एक आदेश काढावा, त्याच्या अंमलबजावणीचा अहवाल दर सहामाहीस जिल्हावार प्रसिद्ध करावा, आणि झटक्यानंतर रुग्णालयात घडलेल्या प्रत्येक मृत्यूच्या कागदांत एक रकाना ठेवावा: प्रकृती बिघडल्यानंतर इको केला होता काय, आणि नसल्यास का नाही. तो रकाना भरणे भाग पडू लागले, की यंत्राच्या खोलीचे कुलूप रात्रीही उघडू लागेल.